कोरड्या मुलखातली ओल

नगर जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यात ओसरी आणि माजघर ओलांडून आत गेले की बहुधा एक खोली लागते. तिला खिडकी नसते. असलाच तर वीतभर झरोका, तोही शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना या खोलीत पाय ठेवला की अंगाला गारवा लागतो आणि त्यामागोमाग नाकाला कुबट वास. भिंतीत बळद, कोपऱ्यात कणग्या, फळीवर लोणच्याच्या बरण्या, खाली गुंडाळून ठेवलेली जाजमे आणि अधूनमधून शेगडीसकट घरातली बाळंतीण, असा या खोलीचा संसार. भिंत खालून दीड-दोन हात काळपट पडलेली, त्या काळपटाच्या वरच्या कडेला पांढरी भुकटी. बोट लावले की पोपडा हातात येतो.

आश्चर्य वाटते ते अशी खोली या मुलखात सापडते याचे. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके, आणि त्यांतले बहुतेक सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. नगर शहराच्या आसपास वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मनात आले तर. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी ही नावे उन्हाळ्यात टँकरच्या बातम्यांत हटकून येतात. जिथे पिण्याचे पाणी मैलावरून डोक्यावर वाहून आणावे लागे, तिथल्या घराच्या भिंती ओल्या कशा राहिल्या?

जिल्ह्याचे पश्चिमेचे टोक मात्र या वर्णनात बसत नाही. अकोले तालुक्यातल्या डांगाणात, घाटघर-रतनवाडीकडे, चांगल्या पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या सावलीतली ही गावे जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुक्यात बुडालेली असतात. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची इथली जुनी घरे पाहिली तर ओलीशी लढायची त्यांची रीत पूर्वेकडच्या गावांहून अगदी निराळी दिसते. भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, आडव्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या. छप्पर गवताचे किंवा कौलांचे, पण तीव्र उताराचे, पाखे भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेले. ज्या बाजूने पावसाचा मारा, त्या बाजूला गवताचे वा पानांचे झाप बांधून भिंतीला आडोसा करायचा. चूल घरातच, धुराडे नाही. धूर वर चढतो, छपरातून झिरपत बाहेर पडतो, आणि जाता जाता वासे, गवत, वर टांगलेली मक्याची कणसे, सगळे कोरडे ठेवतो. गुरेही त्याच छपराखाली. या मुलखातल्या डांगी गुरांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही. राजूरच्या प्रदर्शनात या गुरांना मान मिळतो तो उगीच नाही. पाऊस झेलायची सोय निसर्गाने जनावराला करून दिली. माणसाला ती कारवी, शेण आणि धूर यांतून उभी करावी लागली.

एवढ्या ओलीत बी टिकवणे ही खरी परीक्षा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती देशी वाणांचे बियाणे जपण्याच्या कामासाठी. अकोले तालुक्याच्या या गावात त्यांनी मातीच्या मडक्यांत, राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले बी रुजते, कारण राख ओल शोषते आणि पाला किडीला दूर ठेवतो. त्यांच्या कामाचे कौतुक बहुधा वाणांच्या संख्येवरून होते. पण पावसाळी गावात बियाण्याला बुरा चढू न देणे ही वेगळी विद्या आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांकडेच राहिली.

आता पूर्वेकडे वळायचे. संगमनेर मागे पडले की घरांचे छप्पर सपाट होत जाते आणि पारनेर-श्रीगोंदा-कर्जतकडे जुन्या गावठाणात माळवद दिसू लागते. काही ठिकाणी याला धाबे म्हणतात. दगड-मातीच्या हातभर, कधी दोन हात रुंद भिंती, त्यांवर आणि लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचाण, त्यावर पाला किंवा तुराट्या, मग चिखलाचा थर, आणि सगळ्यांत वर पांढरी. मध्ये उजेडासाठी आणि धुरासाठी एक साणे. पाणी पडायला कडेला पन्हाळ. उन्हाळ्यात असे घर थंड, थंडीत ऊबदार. पाऊस थोडा असल्याने उताराच्या छपराची गरज नाही, आणि लांब वाशांचे लाकूडही या उघड्या माळावर मिळायचे नाही. म्हणजे माळवद हे गरिबीतून आले तसे हवामानातूनही आले.

पांढरी म्हणजे गावाची माती. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षे एकाच जागी घरे बांधली, पडली, पुन्हा बांधली, चुलीची राख आणि शेण मिसळत गेले, की जी मऊ, फिकट, खारट माती तयार होते ती ही. या जिल्ह्यात तिचे वय फार मोठे आहे. संगमनेरजवळच्या जोर्व्यात १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातल्या एका संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडले. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खणले. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या दायमाबादची टेकाडे नंतर उघडली गेली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या गावांतली घरेही माती-कुडाची, लिंपलेल्या भिंतींची, चोपून केलेल्या जमिनींची होती, आणि धान्यासाठी जमिनीत खड्डे होते. पुढच्या पिढ्यांनी या टेकाडांची माती नेऊन शेतात टाकली आणि माळवदावरही टाकली. पुरातत्त्ववाल्यांना याचे दुःख असते, ते समजण्यासारखे आहे. नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात कैदेत असलेल्या जवाहरलाल नेहरूंनी बागेसाठी अंगण खणले तेव्हा त्यांच्याही फावड्याला जुन्या भिंती आणि घुमटांची टोके लागली. इथे घर बांधायचे म्हणजे बहुधा दुसऱ्या घराच्या डोक्यावर.

या मातीत खार असतो आणि सगळी गोम त्यात आहे. खारी माती भिजली की तिचे बारीक कण सुटे होतात आणि फटी बुजवतात. म्हणून पहिल्या सरीबरोबर माळवदाचा वरचा थर मेणचटतो आणि पुढचे पाणी खाली न मुरता पन्हाळीकडे धावते. गवतही त्यावर कमी उगवते. छपरासाठी याहून स्वस्त आणि चांगले काही नव्हते. पण हीच माती भिंतीत गेली की तिचा खार उलटतो. जमिनीतली ओल भिंतीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, येताना खार विरघळवून आणते, पृष्ठभागाशी आली की पाणी उडून जाते आणि खाराचे स्फटिक मागे राहतात. ते फुगतात, गिलावा सुटतो, भिंत खालून कुरतडल्यासारखी दिसते. याला लोणा लागणे म्हणतात. लोणा लागलेल्या भिंतीवर दिसणारी पांढरी भुकटी पुष्कळांना बुरशी वाटते. ती बुरशी नसते. बुरशी येते ती त्याच्या जोडीने, जिथे हवा हलत नाही अशा कोपऱ्यात, काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी.

लोण्याच्या गोतातलाच एक खार म्हणजे सोरा. जुन्या वस्तीच्या, गोठ्याच्या मातीतून तो काढत आणि तोफेच्या दारूत सर्वांत मोठा वाटा त्याचाच. १५४९ मध्ये नगरमध्येच रुमीखानाने ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आज विजापूरच्या तटावर आहे. पंचावन्न टनांच्या त्या धुडाला लागणारी दारू कोरडी ठेवणे हे तिच्या गोलंदाजांचे रोजचे दुखणे असणार, कारण ओली दारू म्हणजे नुसती काळी माती. निजामशाहीच्या बखरीत लढाया मिळतात, कोठारांची ओल मिळत नाही.

त्याच निजामशाहीने गारव्याचे एक वेगळे उत्तरही दिले. शहराबाहेरचा फराहबाग महाल मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला. अष्टकोनी दुमजली इमारत, भोवती तळे, मधल्या दालनावर उंच घुमट. पाण्याच्या मधोमध उभी केलेली वास्तू ओलीने सडायला हवी, पण इथे सगळे काम चुन्याचे, आणि चारी अंगांनी उघड्या कमानी. तळ्यावरून येणारा वारा एका बाजूने शिरून दुसरीकडून निघून जातो, घुमटात तापलेली हवा वर चढून बसते. चुन्याचा गिलावा पाणी धरून ठेवत नाही, सोडतो, आणि चुना मुळातच बुरशीला मानवत नाही. तळे केव्हाच आटले, महाल भग्न आहे, पण आत उभे राहिले की वारा अजून येतो. सुलतानाला गारवा हवा होता आणि वारा अडवायला लावणारे धान्य, बाळंतीण किंवा चोराची भीती त्याच्या दालनात नव्हती. शेतकऱ्याच्या घराला ही तिन्ही होती.

शेतकऱ्याच्या घरातली ओल ज्याने ताब्यात राहिली ते होते काम. वर्षभराचे, न संपणारे, पंचांगाला बांधलेले काम. वैशाखात मृगाच्या आधी माळवदावर गाढवांवरून आणलेली पांढरी टाकायची, भेगा बुजवायच्या, पन्हाळी मोकळ्या करायच्या. पावसात घरातले कुणीतरी वर चढून तण उपटायचे, पाणी कुठे साचते ते पाहायचे. गळते तिथे खाली घमेले, वर मूठभर माती. भुईला आठ-पंधरा दिवसांनी सारवण. नवी जमीन करायची तर मुरूम-माती धुमसाने चोपून घट्ट करायची, म्हणजे खालची ओल वर यायला वाट राहू नये. चुलीला रोज पोतेरे. भिंतींना दिवाळीआधी पांढऱ्या मातीचा हात.

नवरात्राआधीची झाडलोट आणि धुणे तर या दृष्टीने पाहायला हवे. घट बसायच्या आधी घरातल्या यच्चयावत गोधड्या, वाकळा, अंथरुणे बाहेर काढून नदीवर किंवा विहिरीवर धुवायची, कणग्या-डबे उन्हात टाकायचे, घर सारवून काढायचे, ही महाराष्ट्रभरची चाल आहे. देवीचे पावित्र्य हे तिचे सांगितले जाणारे कारण. पण या जिल्ह्याच्या पूर्वेकडचा पाऊस बघावा. जून-जुलैत पाऊस बेताचाच, आणि जोर येतो भाद्रपदात, उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसात. त्याच पावसावर इथली रब्बीची ज्वारी उभी राहते. म्हणजे घर सर्वांत ओले होते ते नेमके घटस्थापनेच्या तोंडावर, आणि त्यानंतर लगेच येते आश्विनातले कडक ऊन. गोधडीला बुरा चढायच्या आत तिला ऊन दाखवायचे तर याहून नेमकी तारीख सापडणार नाही. देवीने निवडली असो वा सासूने, निवड अचूक आहे.

हे काम गॅझेटिअरमध्ये नोंदले गेले नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी घरांचे खण मोजले, छपराचा प्रकार लिहिला, भिंतीची किंमत लिहिली. पंधरा दिवसांनी सारवणाऱ्या हातांचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि म्हणून पुढे जेव्हा ते हात थांबले तेव्हा घर का कुजते आहे हे कुणाच्या लक्षात आले नाही.

आतल्या खोलीची दुसरी बाजू मात्र लपवण्यासारखी नाही. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिला याच खोलीत ठेवत. दार लावलेले, झरोक्याला बोळा, बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा, वावडिंग, बाळंतशोपा आणि लसणाच्या सालींची धुरी. आंघोळही तिथेच कोपऱ्यातल्या न्हाणीत, म्हणजे रोज बादल्याच्या बादल्या गरम पाणी त्याच बंद खोलीत. शेगडी ओल वाळवायची आणि न्हाणी ती पुन्हा आणायची. ऊब मिळाली हे खरे, तशीच धुराने भरलेली हवा आणि ओली भुई हेही खरे. नवजात बाळ आणि ओली बाळंतीण यांच्यासाठी घरातली सर्वांत कुबट जागा राखून ठेवणाऱ्या या चालीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शेकशेगडीचा जो गुण आहे तो दार उघडे ठेवूनही मिळाला असता.

या खोलीवर पहिला सरकारी हल्ला झाला तो प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत साथ उघडकीस आली आणि पुढच्या काही वर्षांत ती दख्खनभर पसरली. १८९७ चा साथरोग कायदा हातात घेऊन अधिकारी घरात घुसले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे रोग अंधाऱ्या, ओल्या, कोंदट जागेतून निघणाऱ्या दूषित वाफेत होता. म्हणून छपराची कौले उतरवून ऊन आत सोडायचे, भिंतींना चुना मारायचा, जमीन खणून काढायची. मुंबईत तर घरांवर माणसाला राहण्यास अयोग्य असल्याची अक्षरे रंगवली गेली. लोकांना हा जुलूम वाटला, आणि तो होताही. गावेच्या गावे उठून माळावर खोपटे घालून राहिली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले, आणि १९०५ नंतर मुंबईत काम केलेल्या संशोधन आयोगाने ते पक्के केले. ओलीचा दोष नव्हता. पण बळद, कणग्या आणि अंधार जिथे एकत्र, तिथेच उंदीर. तेव्हा कारण चुकले तरी खोली तीच निघाली. साथ ओसरली, झरोके पुन्हा बुजले.

मग पाणी खालून आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे कालवे निघाले, आणि गोदावरीचे कालवे कोपरगावकडे त्याआधीच पोचले होते. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. ज्या काळ्या जमिनीने वर्षातून एकदा पाणी पाहिले होते ती आता बारा महिने उसाखाली भिजू लागली. निचरा नसलेल्या भागात जमिनी चिबड झाल्या, खार वर आला. क्लॉड इंग्लिस या इंजिनियरने दख्खनच्या कालव्यांवरच्या या दुखण्याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केला. चर्चा झाली ती शेताची. पण जमिनीखालचे पाणी वर आले की ते सातबारा पाहून थांबत नाही; गावठाणातल्या पायालाही लागते. कालव्याच्या पट्ट्यातल्या सखल गावठाणात आतल्या खोलीपुरता असलेला लोणा समोरच्या ओसरीपर्यंत आला. ऊस ज्याच्या घरात पैसा आणी, त्याच घराची भिंत खात असे. पैसेवाल्यांनी मग उंच जोत्यावर सिमेंटचे बंगले मळ्यात बांधले आणि गावातले वाडे पुतण्या-भाच्यांच्या भांडणांसाठी सोडून दिले.

माळवदाचा शेवट एका रात्रीत झाला म्हटले तर फारसे खोटे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली गेली: रुंद दगडमातीच्या भिंती, त्यावर टनावारी मातीचे छप्पर. वर्षानुवर्षे माती उतरवण्याऐवजी थरावर थर टाकत गेल्याने ओझे वाढतच गेले होते. नगर जिल्ह्यातली घरे तशीच. जामखेड-कर्जतकडे लोक कित्येक दिवस अंगणात झोपले, आणि मग माळवदे उतरू लागली. त्यांच्या जागी आले पत्रे, ज्यांना जमले त्यांना स्लॅब.

पत्रा उन्हाळ्यात भाजतो हे सगळे सांगतात. थंडीतले कमी सांगतात. नगरची थंडी बरीच बोचरी असते, पौषात रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. आत चार माणसे झोपलेली, त्यांच्या श्वासाची वाफ वर चढते, गार पत्र्याला लागते आणि पहाटे टपटप अंथरुणावर पडते. माळवद ही वाफ पिऊन दिवसा सोडून द्यायचे.

स्लॅबच्या घराची गंमत आणखी निराळी. जुन्या भिंती तशाच ठेवून त्यांना सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट चढवला, खाली कोबा किंवा फरशी बसवली. भिंतीतली ओल आधी बाहेर पडून उडून जात होती. आता दोन्ही अंगांनी कोंडली गेली, म्हणून ती वर चढू लागली. मातीच्या गिलाव्यात गुडघ्याएवढी असलेली रेघ सिमेंटमध्ये कमरेएवढी झाली. घरकुल योजनेतल्या नव्या घरांना बारीक भिंती, एकाच दिशेला खिडकी आणि घरातच न्हाणीघर. चूल गेली, गॅस आला. यात बाईच्या डोळ्यांचे आणि छातीचे भले झाले, त्याबद्दल वाद नको. पण धुराबरोबर साणेही गेले, आणि गॅस जळताना पाणी होते हे सांगायला सिलिंडर आणणारा थांबत नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे एका १४.२ किलोच्या टाकीतून बावीस लिटरच्या आसपास पाणी घरातल्या हवेत मिसळते. चुलीच्या धुरासोबत तेवढीच वाफ छपरातून निघून जायची. आता ती उत्तरेकडच्या गार भिंतीवर, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी बसते आणि तिथे काळे ठिपके उमटतात. पावसाळ्यात पापड सादळतात, आणि दोष पापड करणारीला जातो.

विशेष म्हणजे याच जिल्ह्यातला शेतकरी हवा खेळवण्याचे शास्त्र तोंडपाठ म्हणू शकतो, फक्त ते तो घराला लावत नाही, कांद्याला लावतो. राहुरी, पारनेर, नेवासे हा कांद्याचा मुलूख, घोडेगावचा कांदा बाजार मोठा. उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकवायचा तर काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरता कामा नये. म्हणून चाळीची जमीन उचललेली, खालून वारा शिरायला फटी, बाजूंना बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या, पाखी अरुंद, थर छातीच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि छपराचा पाखा पुढे काढलेला. यासाठी सरकारी अनुदानही मिळते. चाळीतला कांदा भिंतीला टेकवून ठेवणाऱ्याला शेजारी हसतील. लोखंडी कपाट मात्र बाहेरच्या भिंतीला चिकटवूनच ठेवायचे असते.

सध्या नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या जुन्या पेठांत या दुखण्यावर एक ठरलेला इलाज चालतो. लोणा दिसला की गवंडी खालचा तीन फूट गिलावा फोडतो, वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेल्या सिमेंटने पुन्हा करतो आणि त्यावर चकचकीत टाइल्स लावतो. काम दोन दिवसांत होते, खोली उजळते, दिवाळीचे पाहुणे वाखाणतात. वर्ष-दोन वर्षांनी टाइल्सच्या वर, चौथ्या फुटाला, रंगाला फोड येतात. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी जिल्ह्यात मोजकेच उरले आहेत, त्यांना बहुधा मंदिराच्या किंवा एखाद्या गढीच्या जीर्णोद्धारावर काम मिळते, आणि चुना भिजत घालून मुरवायला जे दिवस लागतात तेवढे थांबायची तयारी घरमालकाची नसते. म्हणून गवंडी पुन्हा बोलावला जातो, आणि टाइल्सची आणखी एक ओळ वर चढते.